खोकं रद्दीत गेलं नाही

अगं पिंकी, आधी कबुली देते, मग खुशाल रुसून बस. दिवाळीला पुण्याहून आलीस तेव्हा पुस्तकांचं ते खोकं माझ्या दारात आणून टाकलंस आणि म्हणालीस, “ताई, तुझ्या रद्दीवाल्याला देऊन टाक. आईच्या हाती लागायला नको.” मी मान डोलावली होती. पण ते खोकं रद्दीत गेलेलं नाही. दिवाणाच्या खणात, गोधड्यांखाली आहे. आणि त्यातली चार पुस्तकं माझी वाचून झालीत. पाचवं उशाशी आहे.

कसं झालं ते ऐक. आमच्या सिडकोत पाण्याचा वार ठरलेला असतो, वेळ नसते, हे तुला नव्यानं सांगायला नको. त्या रात्री शेजारच्या काकू म्हणाल्या, आज उशिरा सुटणार. तुझे दाजी वाळूजहून दमून आलेले, आडवे झाले. पोरं झोपली. मी नळाची तोटी उघडी टाकून खाली पातेलं उपडं घातलं आणि बसले. पाणी आलं की पातेल्यावर वाजतं, तोच आपला गजर. मोबाइलला दहा टक्के. वेळ जाईना. म्हटलं, रद्दीत द्यायच्या आधी तुझं एखादं बिल, एखादा फोटो आत राहिलाय का बघावं. एवढ्यासाठी खोकं ओढलं आणि वरचंच पुस्तक हातात आलं. सारा जे. मास या अमेरिकन बाईंचं, ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’, 2015 सालचं.

इंग्रजी वाचायची माझी सवय कधीच मोडलेली. पहिली वीस पानं ठेचकाळत गेली. बर्फातली एक गरीब पोरगी, फेयरा. घरात सगळ्यांत धाकटी, पण शिकार करून अख्ख्या घराचं पोट तीच भरते. थोरल्या दोन बहिणी नुसत्या बसून खातात. इथं मी जरा चपापले, थोरली ना मी! मग ती एक लांडगा मारते, तो लांडगा नसतोच, आणि त्याची भरपाई मागायला सीमेपलीकडून एक अक्राळविक्राळ श्वापद दार फोडून घरात शिरतं...

पातेलं वाजलेलं मला ऐकू आलं. हौद भरला, मोटार लावली, तेही आठवतं. त्यानंतरचं आठवत नाही. वरची टाकी भरून शेडच्या पत्र्यावर धो-धो पाणी वाहायला लागलं, तेव्हा काकू खिडकीतून ओरडल्या, “अगं मास्तरीणबाई, झोपलीस का मेलीस?” या गावात टाकी वाहू देणं म्हणजे पाप. पंधरा वर्षांच्या संसारात माझ्या हातून ते पहिल्यांदा घडलं. आणि खरं सांगू? मोटार बंद करायला उठले, तीही पानात बोट घालून, पुस्तक सोबत घेऊन.

तुला वाटत असेल, ताईला या वयात काय झालं. नवीन काही झालं नाही गं. जुनंच परत आलं. तू तेव्हा झबल्यात होतीस. मी तेराची. औरंगपुऱ्यातल्या वाचनालयातून बाबांच्या कार्डावर पुस्तकं आणायची आणि गच्चीवर टाकीच्या सावलीत वाचायची. तिथं मला नाथमाधवांची ‘वीरधवल’ भेटली. जादू, कारस्थानं, ताटातुटी, आणि या सगळ्यातून वाट काढणारं प्रेम. कव्हर निघालेलं, शेवटची आठ पानं गायब. मी त्या गोष्टीचे चार निरनिराळे शेवट मनाशी रचले आणि रोज रात्री त्यातला एक निवडून झोपायची. पुढं जुन्या बाजारातून तसली पुस्तकं जमवत गेले. सगळी अद्भुताची आणि प्रेमाची.

मग कॉलेजात एका शहाण्या माणसानं माझ्या हातातलं पुस्तक सगळ्यांसमोर उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “मराठी घेऊन एम.ए. करायचंय आणि हे वाचता? पऱ्या नि राजपुत्र?” वर्ग हसला. त्याच रविवारी मी सगळी पुस्तकं रद्दीत घातली. सात किलो भरली, सतरा रुपये आले. त्या पैशांची गुलमंडीवर इमरती खाल्ली. ती कडू लागली असं म्हटलं तर नाटक होईल. चांगलीच लागली. पस्तावायला मला वीस वर्षं लागली.

मी लाजेनं टाकली, तू रागानं टाकलीस. साखरपुडा मोडल्यावर तू फोनवर म्हणालीस, “ताई, या पुस्तकांनीच माझं डोकं फिरवलं. पंखवाल्या राजपुत्राची वाट बघत बसले आणि समोरचा माणूस कसला आहे ते दिसलंच नाही. आता प्रेमाचं काही वाचवत नाही.” तेव्हा मी तुला “हो गं बाई” म्हटलं, कारण वाचलेलं काहीच नव्हतं. आता वाचलंय, म्हणून बोलते.

त्या मालिकेच्या दुसऱ्या भागात काय होतं, तू विसरलीस का? पहिल्या भागात जिच्यावर जीव टाकला, तिलाच तो नायक जपण्याच्या नावाखाली घरात कोंडतो. बाहेर पडू देत नाही, काही ठरवू देत नाही. ती वाळत जाते आणि शेवटी त्या घरातून निघते. पुढं ज्याच्यावर तिचा जीव जडतो, तो तिला आधी काय शिकवतो? लिहायला-वाचायला. राजकन्यांच्या झग्यांआड लेखिकेनं हे दडवलेलं नाही, चांगलं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आणि पिंके, त्याच प्रकरणातल्या पानांचे कोपरे तू दुमडून ठेवलेत. दोन ठिकाणी पेन्सिलीची रेघही आहे.

त्या मुलानं तुला मोबाइलवरचं लोकेशन दिवसभर चालू ठेवायला लावलं, तेव्हा तू हसत म्हणाली होतीस, “काळजी करतो.” सहा महिन्यांनी त्याच गोष्टीला तू दुसरं नाव दिलंस आणि अंगठी परत केलीस. आईबाबांनी नाही, मीही नाही. तू. आता सांग, या पुस्तकांनी तुझं डोकं फिरवलं की ताळ्यावर आणलं?

आणखी एक. ‘हे असलं’ वाचतो म्हणून आपल्याला जी शरम वाटते ना, तिची गोष्टही आपल्याच मातीतली आहे. आपल्या नळाला पाणी येतं पैठणच्या नाथसागरातून. या गोष्टींचा उगमही तिथंच धरतात.

दंतकथा अशी, पैठणचा एक सातवाहन राजा राण्यांसोबत जलक्रीडा करत होता. एक राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली, पाणी नको मारू. शब्दांचा संधी असा झाला की राजाच्या कानाला ऐकू आलं ‘मोदक’. त्यानं मोदकांची ताटं मागवली. राणी हसली, राजा ओशाळला आणि अंथरूण धरून बसला, मला संस्कृत आलंच पाहिजे. दरबारातला गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्यानं पैज लावली, तू शिकवलंस तर मी संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडीन. पैज हरला. भाषा सोडून रानात गेला आणि तिथं पिशाचांच्या म्हणून हिणवलेल्या पैशाची भाषेत सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं.

ग्रंथ राजाकडं पाठवला. राजा आता संस्कृत शिकलेला! त्यानं नाक मुरडलं. ही कसली भाषा, ही कसली शाई? गुणाढ्यानं जवळच्या टेकडीवर कुंड पेटवलं आणि एकेक पान वाचून आगीत टाकायला लागला. हरणं, डुकरं, रेडे भोवती गोळा झाले. चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. इकडं राजाच्या ताटात वाळकं, निकस मांस यायला लागलं. चौकशी केली तेव्हा कळलं, रानातली जनावरं खातच नाहीत, गोष्ट ऐकतात. राजा धावत पोचला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख वाचले.

ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले ते पैठणचंच, हे आपल्याकडं पोराटोरांना ठाऊक असतं. त्याच पैठणच्या रानात त्याआधी जनावरं गोष्टीसाठी उपाशी राहिली, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि वाचलेल्या त्या लाखात होतं काय? वत्स देशाच्या राजाचा मुलगा नरवाहनदत्त, त्याची लाडकी मदनमंचुका, तिला पळवून नेणारा विद्याधर, आणि तिच्या मागं आकाशातल्या विद्याधरांच्या राज्यात शिरून अखेर तिथलाच चक्रवर्ती झालेला तो. मूळ ग्रंथ आज नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं राणी सूर्यवतीच्या करमणुकीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला, त्यातून ही गोष्ट आपल्याला मिळते. आठवतं, वेरूळला मूर्तींच्या डोक्याशी उडणारी ती जोडपी बघून तू मला विचारलं होतंस, “यांना पंख का नाहीत?” ते विद्याधरच गं. आपल्याकडच्यांना पंख लागत नाहीत, ते विद्येवर उडतात.

मी माझी सात किलो अशीच संपवली, फरक इतकाच की माझ्याभोवती हरणं नव्हती.

आता या सगळ्यातली माझी सगळ्यांत आवडती गोष्ट. साधारण आठव्या-नवव्या शतकात कोऊहल नावाचा एक कवी होऊन गेला. शरदातल्या चांदण्या रात्री त्याची बायको त्याला म्हणते, गोष्ट सांग. तेव्हा कथांचे प्रकार मानत तीन. देवांची ती दिव्य, माणसांची ती मानुषी, आणि दोन्ही मिसळलेली ती दिव्यमानुषी. बायको मागते तिसरी, आणि तीही साध्या प्राकृतात. मग तो सांगतो ‘लीलावई’. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी. नायक पैठणचा हाल सातवाहन, नायिका सिंहलची राजकन्या लीलावती, आणि सोबत यक्ष, सिद्ध, गंधर्व, पाताळ, राक्षस. तुझ्या खोक्यातल्या पुस्तकांना हल्ली इंग्रजीत ‘रोमँटसी’ म्हणतात म्हणे. आपल्या आज्यांकडं त्याला हजार-बाराशे वर्षांपूर्वीच नाव होतं.

लीलावती हालाचं नुसतं चित्र बघून त्याच्यावर भाळते. पण वाटेत तिला महानुमती भेटते. तिचा प्रियकर हरवलेला, ती झुरतेय. मग लीलावती ठरवते, हिचा माणूस हिला मिळाल्याशिवाय मी लग्न करणार नाही. हालाला तिच्याशी लग्न करायचं तर आधी पाताळात उतरून तिच्या मैत्रिणीचा माणूस सोडवून आणावा लागतो!

त्याआधी बाणभट्टानं सातव्या शतकात हेच लिहून ठेवलंय. महाश्वेतेचा प्रियकर गेला, ती सरोवराकाठी तपाला बसली. तेव्हा तिची मैत्रीण म्हणाली, ती दुःखात असताना मी लग्न करणार नाही. त्या मैत्रिणीचं नाव कादंबरी. तिच्या नावानंच आपण मराठीत सगळ्या कादंबऱ्यांना कादंबरी म्हणतो. या गोष्टीचं मूळही अभ्यासक ‘बृहत्कथे’त शोधतात, म्हणजे धागा फिरून पैठणलाच. जो शब्द आपण ‘गंभीर साहित्य’ म्हणून चष्मा पुसत उच्चारतो, तो मुळात दिव्यमानुषी प्रेमकथेतल्या एका मुलीचं नाव आहे. आणि ती मुलगी मैत्रिणीसाठी थांबलेली आहे.

एम.ए.ला मी मराठी कादंबरीचा इतिहास मुद्दे घालून पाठ केला होता. 1861 ची हळब्यांची ‘मुक्तामाला’, 1868 ची रिसबुडांची ‘मंजुघोषा’, अद्भुतरम्य, अवास्तव, पुढं हरिभाऊ आपटे आले आणि कादंबरी जमिनीवर आली. दहा गुणांचं उत्तर. हरिभाऊ थोरच, त्यांच्या यमूसाठी मी आजही रडते. पण जमिनीवर आल्यावर आकाश रद्दीत घालायचं असतं, हे कुणी ठरवलं?

बरं, आता मुद्द्याचं. परत वाचायला लागायचं असेल तर ताईचं चार गोष्टींपुरतं ऐक.

पहिलं, त्या मुलाच्या काळात जे वाचत होतीस, ते पुस्तक आत्ता उघडू नकोस. त्याचे मेसेज त्या पानांना चिकटलेले असतात. आधी त्याला माहीतच नसलेलं काहीतरी घे. मी तुझ्या खोक्यातून रेबेका यारोस यांचं ‘फोर्थ विंग’ वेगळं काढून ठेवलंय, 2023 चं. तू प्लास्टिकही फोडलेलं नव्हतंस, मी फोडलं, माफ कर. त्यातल्या पोरीचे सांधे पटकन निखळतात, हाडं नाजूक, आणि तिला स्वार व्हावं लागतं ड्रॅगनवर. लेखिकेला स्वतःला तसाच आजार आहे. दुखऱ्या अंगानं उडायचं कसं, हे तिला बाहेरून शिकावं लागलेलं नाही.

दुसरं, पन्नास पानांत मन रमलं नाही तर मिटून ठेव. पुस्तक म्हणजे काही सासर नव्हे, की पटलं नाही तरी नांदायचं. खरं तर सासरीही नांदायलाच हवं असं नाही, पण ते आईसमोर बोलू नकोस.

तिसरं, ‘तसली’ पानं. हो, वाचली. दाराला कडी घालून वाचली. त्यासाठी आईपासून लपवायचं तर लपव, पण स्वतःपासून नको. हालाच्याच नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ आहे ना, सातशे गाथांची, ती काय कीर्तनात सांगायची आहे? नवरा परगावी गेलेल्या बायका, शेतातल्या भेटीगाठी, शेजाऱ्याशी नजरानजर, सासूच्या नाकावर टिच्चून दिलेले इशारे, त्यातलं कितीतरी गोदाकाठचं. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली ती मराठीत आणली आणि आमच्या विभागातले मोठमोठे लोक ती मांडीवर घेऊन चर्चा करायचे. तेव्हा कुणी हसलं नाही.

चौथं मात्र नीट ऐक. दिव्यमानुषी हा शब्द मधोमध तोड. दिव्य अर्धं पुस्तकात राहू दे, मानुष अर्धं तेवढं माणसात शोध. पाचशे वर्षांचा, अंधार पांघरून येणारा, दातओठ खात प्रेम करणारा नायक कागदावरच शोभतो. घरात आणून काय करशील? पाचशे वर्षांच्या माणसाचे गुडघे कोण चोळणार? त्याची धमकी, त्याचा हट्ट, त्याचं ‘तू फक्त माझी’ हे सगळं पानासोबत मिटायचं. पण तो तिचं ऐकतो का, तिला ठरवू देतो का, तिला येत नाही ते शिकवताना हसत नाही ना, एवढं बघ. ज्या दिवशी हे सगळं एखाद्या बिनपंखाच्या माणसात दिसेल, त्या दिवशी मला फोन कर. नाही दिसलं, तरीही कर.

तुझ्या दाजींचं सांगू? परवाच्या पाण्याला मी पुस्तकात होते. पातेलं वाजलं. मी हलायच्या आत ते उठले, मोटार लावली, टाकी भरेपर्यंत अंधारात जिन्यावर उभे राहिले, बंद केली आणि परत येऊन आडवे झाले. मला एका शब्दानं हाक मारली नाही. मग पाच मिनिटांनी कूस न बदलता विचारलं, “मग? सोडवलं का तिनं त्याला?” कोऊहलाच्या घरी बायकोनं गोष्ट मागितली होती. आमच्याकडं नवरा मागतो, तेही घोरता घोरता. मी त्यांना पहाटे साडेतीनपर्यंत सांगत बसले.

तर असं कर. पुढच्या शनिवारी ये. आमचा पाण्याचा वार आहे, जागायचंच आहे. गुलमंडीवरून इमरती आणून ठेवते, या वेळी रद्दीच्या पैशांची नाही. येताना बसमध्ये काहीतरी वाचत ये, आणि वर्तमानपत्राचं कव्हर घालू नकोस.

हो, आणि एक राहिलंच. मागच्या महिन्यात जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मला ‘वीरधवल’ सापडली. अख्खी. पुन्हा पहिल्यापासून वाचत आणलीय. आता शेवटची आठ पानं उरलीत, ज्यांची मी तेराव्या वर्षापासून वाट बघतेय. रबर लावून ठेवलंय त्यांना. तू आल्याशिवाय सोडणार नाही.